चर्चा धागा: पंटर रे गाय यांना हॉल ऑफ फेमसाठी इतकी वर्षे ताटकळत ठेवणे योग्य होते का?

मूळ धागा:
अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तीन फसले की बहुधा पंटर मैदानात येतो आणि उंच किक मारून चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत लांब धाडतो. ओकलंड रेडर्स या संघाने १९७३ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) चक्क पहिल्या फेरीत रे गाय या पंटरला घेतले. १९८६ च्या हंगामापर्यंत ते त्याच संघाकडून खेळले, तीन सुपर बोल (हंगामाचे अंतिम सामने) जिंकले, तरीही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातील दिग्गजांच्या मानाच्या यादीत, जागा मिळायला २०१४ साल उजाडावे लागले. किकर (गोलखांबांमधून चेंडू मारून गुण मिळवणारा खेळाडू) यान स्टेनेरुड यांना हा मान १९९१ मध्येच मिळाला होता. पंटरला खेळाडूच न मानण्याची वृत्ती या विलंबामागे होती, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. पंटरच्या वाट्याला सामन्यात जेमतेम चार-पाच किक येतात. लाइनमन मात्र सामनाभर अंगावर येणाऱ्या धिप्पाड माणसाला थोपवत असतो. गाय यांची दर किकमागे ४२.४ यार्डांची सरासरी आजच्या अनेक पंटरांनी मागे टाकली आहे. शिवाय किकर थेट गुण मिळवून देतो, त्यामुळे स्टेनेरुड यांचा दाखला इथे लागू होत नाही.

मूळ धागाकर्ता:
सरासरी इथेच फसवते. गोलरेषा ४५ यार्डांवर असताना चांगला पंटर मुद्दाम ३५ यार्डांचीच किक मारतो, कारण चेंडू रेषेपलीकडे गेला तर प्रतिस्पर्ध्याला त्या रेषेपासून २० यार्ड पुढून आयती सुरुवात मिळते. गाय यांचे खरे बळ उंचीत होते: चेंडू जितका वेळ हवेत, तितकी सहकाऱ्यांना झेलणाऱ्यापर्यंत पोहोचायला सवड. १९७६ च्या प्रो बोलमध्ये (निवडक उत्तम खेळाडूंचा सामना) त्यांची किक सुपरडोम या बंदिस्त स्टेडियमच्या छताला टांगलेल्या पडद्यावर जाऊन आदळली होती. जानेवारी १९८४ चा सुपर बोलही आठवून पाहा. सहकाऱ्याने मागे फेकलेला चेंडू डोक्यावरून निघालेला, गाय यांनी उडी घेऊन तो एका हाताने टिपला आणि पाय जमिनीला टेकताच किक मारली. तो निसटला असता, तर प्रतिस्पर्धी वॉशिंग्टन संघाला रेडर्सच्या हद्दीत खोलवर ताबा मिळाला असता.

प्रतिसाद २:
दरवर्षी मोजक्याच जणांना हा मान मिळतो. पंटरला आधी घेतले असते तर कोणाला थांबवायचे, हेही धागाकर्त्याने सांगावे.

प्रतिसाद १:
सरासरीचा मुद्दा मी मागे घेतो, आणि त्या एकहाती झेलाबद्दल तर दुमत नाहीच. पहिल्या फेरीतील ती निवड मात्र मला आजही पटत नाही.