देशी संडास काढून कमोड बसवतेय : ट्रॅप आणि मापांबद्दल विचारायचं आहे

डोंबिवलीची लेक
आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं मार्चमध्ये झाली. इमारत १९९१ ची, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. संडास जेमतेम साडेतीन फूट बाय चार. आता तिथे कमोड बसवायचाच आहे, कारण प्लास्टिकच्या खुर्चीवर तिला रोज बसवताना माझ्या पोटात गोळा येतो.

गवंडी म्हणतो, "ताई, जुनं भांडं फोडू, खालचा ट्रॅप (पाणी साठून वास अडवणारा वाकडा पाइप) तसाच ठेवू, वर कमोड ठेवून सिमेंट भरू. दोन दिवसांचं काम." भाचा म्हणतो, भिंतीला टांगलेला घे, खालून पुसायला सोपं. मी टेपने मोजलं तर पाइपाचा मध्य मागच्या भिंतीपासून साडेदहा इंच येतो. दुकानात भिंतीपासून ९ आणि १२ इंच अंतरावरच्या पाइपासाठीचे कमोड आहेत. कुठला घेऊ?

निवृत्त ओव्हरसियर
ताई, जुना ट्रॅप ठेवू देऊ नका. कमोडच्या पोटात स्वतःचा ट्रॅप असतो. खाली दुसरा राहिला की दोन पाणबंदांच्या मध्ये हवा कोंडते, फ्लशचा जोर मरतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तुंबतं. मी अशी कामं उखडून पाहिली आहेत. ट्रॅप काढून चार इंची पाइप सरळ वर घ्या.

तुम्ही माप टाइलवरून घेतलंत की उघड्या विटेवरून? सेंटर, म्हणजे पाइपाच्या मध्याचं अंतर, नेहमी तयार भिंतीपासून धरायचं. १२ चा तर बसणारच नाही, टाकी भिंतीला अडेल.

टांगलेल्याचा विचार सोडा. लपवलेल्या टाकीसाठी भिंतीपुढे सहाएक इंचांचा ओटा काढावा लागेल. तुमच्या जागेत गुडघे दाराला लागतील.

तळमजल्यावरचा
मी गळतीच्या खालच्या बाजूला राहतो म्हणून कळकळीने सांगतो. आमच्या वरच्यांनी असंच भांडं बदललं, वॉटरप्रूफिंग मात्र केलं नाही. पावसाळा नसतानाही आमच्या छतातून पाणी ठिबकायचं आणि शेवटी प्लास्टरचा पोपडा माझ्या मुलीच्या दप्तरावर पडला. जुन्या भांड्याखालचा भराव काढलात की स्लॅब आणि भिंतीचा खालचा फूटभर भाग वॉटरप्रूफ करून घ्या. मग पाइपाचं तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालच्यांच्या घरी स्वतः जाऊन छत बघा. त्यानंतरच फरशी.

सासूबाईंसाठी केलेलं
उंचीचं कुणी बोललं नाही. गुडघ्यांसाठी उंच घ्या म्हणून आम्ही १८ इंची आणला, पण सासूबाई चार फूट अकरा, पाय अधांतरी राहायचे आणि त्यांना भीती वाटायची. आईंना खुर्चीवर बसवा, पाऊल पूर्ण टेकवून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजा आणि फिजिओला विचारा. सीटसकट उंची धरा. हाताने धरायच्या आडव्या दांड्याची जागा टाइल लावायच्या आधी ठरवा, अर्ध्या विटेच्या भिंतीत नंतर भोक पाडलं की पकड राहत नाही. आणि दार बाहेर उघडेल असं करा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

डोंबिवलीची लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात गवंड्यासमोर पुन्हा मोजलं. जुन्या टाइल निघाल्या होत्या, म्हणजे साडेदहा उघड्या विटेपासून होतं. प्लास्टर आणि टाइल मिळून सव्वा इंच जाईल, उरतात सव्वानऊ. ९ चाच सांगितला. आईचं माप साडेसोळा आलं. ट्रॅप काढायला गवंडी तयार नव्हता, तेव्हा ओव्हरसियर काकांचा प्रतिसाद त्याला मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅप निघाला, आत जुनी विटेची कपची अडकलेली होती.

वॉटरप्रूफिंग होऊन वाळल्यावर पाणी आज संध्याकाळी सातला भरलंय. खालच्या काकूंना सांगून आलेय, परवा त्यांच्याकडे छत बघायला जाईन.