‘बाल्या’ हे नाव मुंबईनेच दिलेलं

लोकगीत गावाबाहेर पडून रंगमंचावर आलं की त्याची ओळख पुसली जाते, असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटलं. गावाकडून शहरात आलेल्या, प्रवासातल्या गाण्यांचा एक रंगमंचावरचा प्रयोग बघताना मला सारखी आमची जाखडी, म्हणजे गाणी म्हणत करायचा कोकणातला लोकनाच, आठवत होती. तिला बाल्या नाच म्हणतात ना, ते नाव मुंबईतलं. कोकणातून घरगडी म्हणून आलेल्या पोरांच्या कानात बाळी असायची, म्हणून त्यांना बाल्या म्हणायचे, असं जुनी माणसं सांगतात. हिणवायला दिलेलं नाव आज आमची मंडळं अभिमानाने बॅनरवर लावतात.

माझे वडील गिरणीतून सुटले की लालबागला गावकीच्या, म्हणजे गावच्या माणसांच्या सामायिक खोलीत तालमीला बसायचे. जाखडीत सवाल-जवाब करणारे दोन पक्ष असतात: शक्तीची, म्हणजे पार्वतीची बाजू घेणारे शक्तीवाले एकीकडे, शिवाची बाजू घेणारे तुरेवाले दुसरीकडे. सवाल पुराणातला, पण जवाबात मध्येच गिरणीचा भोंगा यायचा, पगाराचा दिवस यायचा. गणपतीला गावी गेले की गावातली पोरं तीच गाणी उचलायची. म्हणजे गाणं मुंबईला आलं तसं ते परतही जात होतं. प्रयोगात हा परतीचा प्रवास कुठेच नव्हता, आणि ती उणीव मला फार जाणवली. शक्ती-तुऱ्याचे सामने आजही मुंबईच्या नाट्यगृहांत होतात, एकदा तिकीट काढून नक्की बघा.