मदत हवी आहे: शाळेतला स्मार्ट टीव्ही वापरायला शिक्षकांना धीर कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

मी गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका आहे. पहिली ते सातवीचे वर्ग. गावकरी आणि मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून स्मार्ट टीव्ही आणि दोन टॅब दिले. गणपतीला चाकरमानी आले की हमखास विचारतात, "मुलं वापरतात ना?" मला त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे, आणि आज ते "फारसं नाही" असं आहे.

माझे शिक्षक कामचुकार अजिबात नाहीत. पाचवीच्या बाई शिंपल्यांच्या राशी मांडून अपूर्णांक इतके सुरेख शिकवतात की बघत राहावं. त्यांनाच मी आग्रह केला. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (पडद्यावर हाताळून गणित-विज्ञान समजून घ्यायचे प्रयोग) मोफत आहेत, काही मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. बाईंनी घरी सराव केला. वर्गात टॅब टीव्हीला जोडला, तर चित्रच येईना. खाऱ्या हवेने केबलच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. पिना पुसून चित्र आलं, तेवढ्यात लाईट गेली. पोरांनी एकच गलका केला. बाईंनी निमूट खडू उचलला आणि सुट्टीत मला म्हणाल्या, "मॅडम, पुन्हा नको. मुलांसमोर हात कापत होते माझे."

मला वाटतं, त्यांना यंत्राची भीती नाही. फजिती झाली तर पाठीशी कोण, याची आहे. टीव्ही डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेला, बिघडला तर वसुली आपल्याकडून होईल ही धास्ती. त्यात भेटीला आलेले साहेब मुलांना वाचता येतं का एवढंच पाहतात. नवं काही करून बघितलंत का, असं कुणी विचारत नाही. मी शिक्षण परिषदेत (आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत) सोलापूर जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं उदाहरण दिलं: पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड, परितेवाडीची शाळा, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ. त्याने सगळे आणखीच मागे सरले. "ते कुठे, आम्ही कुठे!" एवढं मोठं यश समोर ठेवलं की पहिलं पाऊल टाकणारा बिचकतो, असं आता माझं मत झालंय.

तर, तुमच्या शाळेत हा धीर कसा आला? तास फसला तरी चालेल, हे शिक्षकांना नुसतं तोंडी सांगून पटत नाही. कागदावर काय करता येईल?

प्रतिसाद

मॅडम, मी मालवणकडचा निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा अधिकारी. आधी कागदाचं बघू. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या की टीव्ही रोजच्या वापरासाठी आहे आणि वापरताना बिघडला तर दुरुस्ती शाळा करेल. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून नादुरुस्त साहित्य बदलता येतं, तेही ठरावात लिहा. आणि शिक्षकांना हेही सांगा की आपल्या दमट हवेत झाकून ठेवलेलं यंत्र लवकर खराब होतं. रोज थोडा वेळ चालू राहिलं की आतला ओलावा सुकतो. न वापरण्यातच जास्त धोका आहे.

दुसरं, पहिला तास तुम्ही स्वतः घ्या, सातवीवर. बाकीचे शिक्षक मागे बसू देत. तुमचं अडलं तर त्यांना दिसू दे, आणि फळ्यावर तोच तास तुम्ही कसा पुढे नेता तेही दिसू दे. जोडणी सातवीच्या दोन-तीन मुलांकडे सोपवा. केरळात २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाने हायस्कुलातली मुलं हे शिकतात आणि शाळेतली यंत्रं सांभाळायला मदत करतात. पाचवीच्या बाईंना मात्र लगेच आग्रह करू नका. त्यांना सातवीच्या तासाला बसवा, पुढचं त्या स्वतःच ठरवतील.

ठरावाचा मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.