मदत हवी आहे: रोजचं रेखाटन मधेच तुटतं

दिवाळीपासून औंढा नागनाथच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरली शिल्पं शाईपेनानं रोज थोडी काढतोय. मी हिंगोलीत आडत दुकानावर असतो. हळदीच्या हंगामात फोन बंद ठेवता येत नाही, अन् बघून काढायचे फोटो त्याच फोनमध्ये. छापून घेतले, पण छपाईत कोरीवकामाची खोली जाते, सावलीचा नुसता काळा डाग उरतो. पहाटे दिवा लावला की लेकरं उठतात. रात्री अर्धा तास मिळतो, तोही सलग नाही. रविवारी तिथं बसून छान जमतं, अडचण रोजचीच आहे. टॅबलेट सध्या परवडत नाही. तुकड्या-तुकड्यानं काम करणाऱ्यांनी सांगावं: हात मधेच थांबला तर परत त्याच रेषेवर कसं येता? का एका बैठकीत संपेल एवढाच भाग निवडता?