'द बिग हीट' (१९५३): नायकाचे हात खरोखर स्वच्छ आहेत का?

प्रश्न

फ्रिट्झ लांग यांचा 'द बिग हीट' नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. गाडीत पेरलेल्या बॉम्बने पत्नी केटीचा बळी गेल्यावर प्रामाणिक पोलीस अधिकारी बॅनियन (ग्लेन फोर्ड) नोकरीवर पाणी सोडतो आणि शहर मुठीत ठेवणाऱ्या लगानाच्या टोळीमागे लागतो. दीड तासात कथा कुठेही रेंगाळत नाही. मात्र ल्युसी (सुरुवातीला आत्महत्या करणाऱ्या पोलिसाची प्रेयसी), केटी, बर्था (त्याच पोलिसाची विधवा) आणि डेबी (टोळीतल्या एका गुंडाची मैत्रीण) अशा चार स्त्रिया मरतात आणि सूड घ्यायला निघालेल्या या गृहस्थाच्या हातून एकही खून होत नाही, हे मला खटकले. ही पटकथेने नायकासाठी काढलेली पळवाट समजावी, की दिग्दर्शकाला नेमके हेच दाखवायचे होते?

प्रतिसाद १

हेच दाखवायचे होते, असे मला वाटते. ल्युसीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बॅनियन सरळ बर्थाच्या कानावर घालतो आणि त्यानंतर ल्युसीचे प्रेतच सापडते. पुढे तो बर्थाचा गळा दाबतो, पण ऐन वेळी पोलीस येतात आणि तो थांबतो. ती मेली तर तिच्या नवऱ्याने लिहून ठेवलेला कबुलीजबाब उघड होईल, हे तो डेबीला सांगतो आणि जाताना तिच्याजवळ पिस्तूल ठेवून जातो. ते काम पुढे डेबी करते. त्याने तिला तसे करायला सांगितलेले नाही हे खरे, पण अशा न सांगण्याला काय म्हणायचे? ग्लोरिया ग्रॅहमने ही डेबी इतकी खेळकर आणि इतकी एकाकी उभी केली आहे की उत्तरार्धात चित्रपट नायकाचा उरतच नाही.

प्रतिसाद २

वरील अर्थ पटला, तरी दोष झाकू नयेत. सुरुवातीचे घरगुती प्रसंग फार गोडगोड आहेत. केटी ही व्यक्ती न वाटता पुढे गमवायचे सुख वाटते. शेवटी भ्रष्टाचाराचा निकाल वर्तमानपत्राच्या एका मथळ्यात लावला आहे, तोही घाईचा वाटतो. हिंसा दाखवण्याची रीत मात्र अजोड आहे. उकळती कॉफी डेबीच्या चेहऱ्यावर पडताना दिसत नाही. आधी भांडे दिसते आणि मग किंकाळी ऐकू येते. बॉम्बच्या वेळीही आपण बॅनियनसोबत घरात, मुलीच्या खोलीत असतो आणि खिडकीवर नुसता लखलखाट होतो. सेन्सॉरच्या बंधनांतून आलेला हा संयम आजच्या रक्तबंबाळ सूडपटांहून अधिक अंगावर येतो.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. पिस्तुलाचा प्रसंग पुन्हा पाहिला, आणि पळवाटीचा आक्षेप मी मागे घेतो. केटीविषयीचा दोष मात्र मला मान्य आहे. शेवटाकडेही या वेळी नीट लक्ष गेले: पुन्हा कामावर रुजू झालेला बॅनियन नव्या गुन्ह्याच्या तपासाला निघताना सहकाऱ्याला कॉफी गरम ठेवायला सांगतो. डेबीचे काय झाले हे जाणणाऱ्या माणसाने तो शब्द इतक्या सहज उच्चारावा, याने मी पहिल्या वेळेपेक्षा जास्त दचकलो.