पहिलीच जुनी गाडी आणि त्यातच इंजिनबदल? साफ असहमत

जुना_पाना

परवा 'रबरबंपर' यांचं लिखाण वाचलं आणि राहवलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पहिला प्रोजेक्ट म्हणून इंजिन नसलेली एमजीबी जीटीच (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, पक्क्या छपराची) घ्यावी, ती कमी पैशात सुटते, जुनं इंजिन तसंही काढायचंच असतं. मग माझदाच्या एमएक्स-५ गाडीचं १.८ लिटरचं इंजिन बसवावं आणि बॉडीचं काम 'जमेल तसं बरोबरीनं' करत जावं. खाली कौतुकाची रांग लागली आहे. नवीन माणूस हे वाचून उद्या गाडी उचलेल, म्हणून सविस्तर लिहितो.

मीही असंच केलं होतं. माझी एमजीबी रोडस्टर (पक्कं छप्पर नसलेली) होती, इंजिन-गिअरबॉक्स काढूनच आणली. डाव्या बाजूचा सिल, म्हणजे दाराखालची लांब पोकळ पत्र्याची तुळई, कुजलेला. गाडी पुढेमागे घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवली, आतला-बाहेरचा सिल कापला, नवा वेल्ड केला. वेल्डिंग चांगलं झालं होतं, आजही तसंच म्हणेन. मग दार लावायला गेलो तर दाराचा मागचा वरचा कोपरा पत्र्यावर आदळला. वरची फट गायब, खालच्या फटीत बोट जात होतं. दाराच्या जागेत आडवी पट्टी टाकलीच नव्हती, त्यामुळे सिल कापल्याबरोबर गाडी मधे वाकून खाली बसली होती आणि मी ती बसलेलीच वेल्ड केली. सगळं पुन्हा कापलं. त्यात आठ महिने गेले आणि तोपर्यंत इंजिनाला हातही लागला नव्हता.

सांगायचं ते असं की न चालणारी गाडी काहीच बोलत नाही. डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) घोंगावतं का, ओव्हरड्राइव्ह (वरचा जादा गिअर) पडतो का, ब्रेक एका बाजूला ओढतो का, चढावर पाणी तापतं का, यातलं काही कळत नाही. शेवटी नव्या इंजिनाला चावी मारता आणि ते सुरू होत नाही, तेव्हा दोष पन्नास वर्षांच्या वायरिंगचा की तुम्ही जोडलेल्या ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा), हे कशावरून ठरवणार? आधी कधीतरी चालू पाहिली असेल तर निदान एक टोक हातात असतं.

आणि एमएक्स-५ चा गिअरबॉक्स नेहमीसारखा क्रॉसमेंबरवर (गाडीखालच्या आडव्या तुळईवर) बसत नाही. तो एका लांब फ्रेमनं थेट डिफरन्शियलला जोडलेला असतो. एमजीबीत ती फ्रेम येणार नाही, म्हणजे गिअरबॉक्सचं माउंटिंग तुम्हीच बनवायचं. त्यावर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा फिरता दांडा) नवीन मापाचा, एक्झॉस्ट नवीन, ऑइल चेंबर क्रॉसमेंबरला लागतो का ते बघा, इंधनाचं प्रेशर वेगळं. यातली एकेक गोष्ट जमण्यासारखी आहे. पण या सगळ्या एकदम, त्याही सडलेल्या बॉडीत आणि पहिल्यांदाच हात घालणाऱ्यानं? माझा विरोध आहे.

पूर्ण, चालू गाडी घ्या. वर्षभर चालवा. मग इंजिन बदला, मी स्वतः माउंटिंगची मापं देईन.

रबरबंपर

माझ्या नावानं धागा काढलात म्हणून उत्तर देतो.

पहिली गोष्ट, तुमची रोडस्टर होती, माझी जीटी आहे. तिला छप्पर आहे. रोडस्टरइतकी ती बसत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

दुसरी गोष्ट, याच बॉडीत इंजिनबदल खुद्द कारखान्यानं केला. १९७३ ते १९७६ मध्ये जीटी व्ही८ निघाली, २,५९१ गाड्या. ३,५२८ सीसीचं रोव्हरचं अॅल्युमिनियम इंजिन, मूळच्या लोखंडी चार सिलिंडर इंजिनापेक्षा जड नाही, उलट हलकंच.

तिसरी गोष्ट तुम्ही धरतच नाही. उत्साह. माझ्या भावानं मॉरिस मायनर 'आधी बॉडी, मग बाकी' या शिस्तीनं करायला घेतली. चार वर्षं नुसता पत्रा घासला. शेवटी ती खोक्यांमध्ये भरून विकली, आणि त्या दिवशी त्याचा चेहरा मी बघितलाय. मला इंजिन कळतं, रोज त्यातच हात असतात. जे येतं तिथून सुरुवात केली तर मी टिकेन. पत्रा शिकेन की.

जुना_पाना

छप्पराचं मान्य. जीटी कमी बसते. पण कमी बसते म्हणजे बसतच नाही असं नाही, आणि कुजते तर तेवढीच. कारखान्याकडे जिग (बॉडी मापात धरून ठेवणारा सांगाडा) होता, तुमच्याकडे चार घोड्या आहेत.

दोन_एसयू

माझा प्रश्न वेगळाच आहे. एमजीबीच्या मूळ १,७९८ सीसीच्या इंजिनात वाईट काय आहे? १९६२ ते १९८० एवढा काळ ते त्या गाडीत बसत होतं. लोक ते काढतात याचं खरं कारण एकच, कार्बोरेटर लावता येत नाही. ऐकायचे कष्ट नकोत.

एसयू या कार्बोरेटरसारखं सरळ यंत्र दुसरं नाही. इंजिन गरम करा. रबरी नळीचा तुकडा एका कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडांचा फुसफुसाट सारखा करा. मग कार्बोरेटरमधला पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचला. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल जास्त. पडायला लागला तर कमी. क्षणभर वाढून जागेवर आला की बरोबर. लॅपटॉप नको, काही नको. हे एकदा कानानं कळलं की माणूस ते इंजिन फेकत नाही.

सेन्सरवाला

दोन_एसयू, तुमचा कान चांगला असेल, पण गाडी घाटात चढली की तुमचा कान बॉनेटखाली नसतो. मी तीन वर्षं दोन कार्बच्या गाडीनं कामावर गेलो. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायचं म्हणजे रोजची परीक्षा. उंचावर गेलं की हवा विरळ, मिश्रणात पेट्रोल जास्त, प्लग काळे. इंजेक्शन (कॉम्प्युटरनं मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा) लावलं आणि त्या दिवसापासून थंडी असो की चढ, एका चावीत सुरू. ऑक्सिजन सेन्सर सतत मिश्रण सुधारतो, तुम्ही महिन्यातून एकदा नळी लावून सुधारता.

'ऐकायचे कष्ट नकोत' हे मात्र मागे घ्या. मी त्या गाडीवर तुमच्याएवढेच कष्ट केलेत.

दोन_एसयू

मागे घेणार नाही. तुमच्या एका चावीची गोष्ट मला सांगू नका. इंजेक्शनच्या गाडीत क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरलं ते कॉम्प्युटरला सांगणारा) गेला आणि मी रात्री दीड वाजता आईला घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होतो. आधी काही सूचना नाही, काही नाही, चालता चालता बंद. एसयूचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) अडकला तर पान्याच्या दांड्यानं दोन टिचक्या मारतो आणि घरी येतो. आई बरोबर असताना मला दुरुस्त करता येईल अशीच गाडी हवी. एवढं साधं आहे.

सेन्सरवाला

तुमच्या आईंना त्रास झाला, त्याचं खरंच वाईट वाटलं. पण एक सेन्सर गेला म्हणून सगळं इंजेक्शन वाईट, हा न्याय मला पटत नाही. मी सुटा सेन्सर डिकीत ठेवतो. तुम्ही फ्लोटची सुई ठेवत असालच.

इंधननळी

तुम्ही दोघं भांडताय आणि ज्यानं गाडी पेटते त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल! जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी असली की टाकी आतून गंजते. प्रोजेक्टची गाडी तर उभीच असते.

माझ्या गाडीत पेट्रोलचा वास यायचा. सगळे जॉइंट कोरडे. शेवटी नळी हातात घेऊन वाकवली तर ती बाहेरून ओलसर, घामेजल्यासारखी. फ्लोट चेंबर उघडला, आत काळे बारीक कण. नळीचं आतलं अस्तरच सुटून आलं होतं. एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर.

आणि रबरबंपर, हे तुमच्यासाठी जास्त आहे. कार्बोरेटरला पाव बारच्या आसपास प्रेशर लागतं, तुमच्या इंजेक्शनला तीन. पाव बारला ज्या भोकातून थेंब पडतो, तिथून तीन बारला फवारा उडतो. जुन्या लाइनवर नवा पंप लावायचा विचारसुद्धा करू नका.

सेन्सरवाला

टाकीपासून पुढची सगळी लाइन बदलली पाहिजे, यावर वाद नाही. परतीची लाइनही टाकावी लागते, आणि टाकीत इंधन हलून पंप हवा ओढू नये म्हणून मधे छोटी टाकी. हे सगळं केल्यावर इंजेक्शनवरचा हा आक्षेप उरत नाही. आणि इथेनॉलनं नळी कार्बवाल्यांचीही खराब होते, दोन_एसयू यांनी आज आपली नळी वाकवून बघावी.

दोन_एसयू

बघितली. पंपाजवळची एक कडक झाली होती, चिरा दिसल्या. बदलतोय. कार्बोरेटर मात्र तिथेच राहणार.

जुना_पाना

विषय पहिल्या प्रोजेक्टचा होता. एवढे प्रतिसाद कार्बोरेटरवर गेले तर ज्याला गाडी घ्यायची आहे त्यानं काय घ्यायचं?

अर्धा_अंश

मी बोलू शकतो, कारण मी पहिल्याच गाडीत इंजिन बदललं आणि ती पूर्णही केली. पाच वर्षं लागली. त्यातलं इंजिन बसवून सुरू करणं फक्त सात महिन्यांचं काम होतं. उरलेला काळ किरकोळ म्हणून ज्या गोष्टी सोडल्या होत्या, त्यांनी खाल्ला.

एक सांगतो. गाडी एका ठरावीक वेगाला थरथरायची. शाफ्ट बॅलन्स करून आणला, तीनदा. थरथर तशीच. टायर बदलले, तरी तशीच. शेवटी एका जुन्या फिटरनं येऊन गिअरबॉक्सच्या शेपटीवर आणि डिफरन्शियलच्या तोंडावर कोनमापक ठेवला. दोन्ही समांतर हवेत, माझ्यात तीन अंशांचा फरक होता. माउंटिंग मी नजरेनं वेल्ड केलं होतं. शेपटीखाली चकत्या घातल्या आणि थरथर गेली. दीड वर्ष मी शाफ्टला दोष देत होतो.

आणि ब्रेक. माझ्या गाडीची ताकद दुपटीच्या जवळ गेली, ब्रेक मात्र तेच होते. पहिल्याच मोठ्या उतारावर पेडल मऊ पडलं. बायको शेजारी बसली होती. त्यानंतर महिनाभर मी गाडी काढली नाही. पाना यांचं 'वर्षभर चालवा' मला पटत नाही, मी तेव्हा ऐकलंही नसतं. पण इंजिन सुरू व्हायच्या आधी ब्रेक पूर्ण झालेले हवेत, हे मी कुणालाही हात धरून सांगेन.

रबरबंपर

काल गाडी पुन्हा बघून आलो. या वेळी पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून नेला होता. डाव्या सिलला तो नीट धरला. उजव्या सिलला पुढच्या चाकामागे वीतभर धरतच नाही, घसरून पडतो. वर रंग आरशासारखा, आत नुसती लांबी (पत्र्याची भोकं बुजवायची पुट्टी). पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्याच जागेवर हात फिरवून 'वा' म्हटलं होतं.

माझं मत बदललेलं नाही. गाडी घेणार आहे आणि इंजिन एमएक्स-५ चंच येणार. पण सिल आधी करेन, इंजिन तोवर झाकून ठेवेन. हे पाना यांच्या आग्रहानं नाही, चुंबकामुळे. आता कुणीतरी सांगा, दारात पट्टी नक्की कुठे बांधायची?

जुना_पाना

पुढे बिजागरीच्या बोल्टांच्या भोकांना, मागे कुलपाच्या स्ट्रायकरच्या (दार बंद होताना कुलूप जिथे अडकतं त्या तुकड्याच्या) भोकांना. दोन्ही दारांना, एकाच बाजूचं काम असलं तरी. त्याआधी कुजलेलं दार तात्पुरतं लावून चारी फटी मोजा. घोड्या पुढेमागे टोकाला ठेवू नका, स्प्रिंगच्या जागेखाली ठेवा. आणि मापं कागदावर नको, कागद हरवतो. दाराच्या चौकटीच्या पत्र्यावरच मार्करनं लिहा. पट्टी सगळं वेल्डिंग गार झाल्यावरच काढायची. फोटो टाका, बघून सांगतो.