पाचवा आठवडा, नडगी दुखतेय: मुलीला फोनवर काय विचारावं?

निवृत्त_पायदळ
मुलगी सैनिकी प्रशिक्षणाच्या पाचव्या आठवड्यात आहे. आठवड्याला एक फोन, दहा मिनिटांचा. या वेळी म्हणाली, उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखतंय, पण सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी असल्याची नोंद करून डॉक्टरकडे, गेले तर मागच्या बॅचमध्ये टाकतील म्हणून कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या पिढीत याला एकच उत्तर होतं, "चालून चालून बसतं." ते आज तिला सांगणं बरोबर आहे का? नुसती नडगी भरून आलीय की हाडाला तडा जातोय, हे फोनवरून ओळखता येतं का? आणि तिकडे जुन्या ओळखीतल्या कुणाच्या कानावर घालावं का?

अस्थी_आणि_स्नायू
"चालून बसतं" हे अजिबात सांगू नका. पाचव्या आठवड्यात तेच सगळ्यांत महागात पडतं. पळण्याचा भार अचानक वाढला की हाड स्वतःला नव्याने घडवायला घेतं. त्यात जुनं हाड आधी पोखरलं जातं, नवं भरून टणक व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हाड काही काळ कच्चं असतं ते यामुळे, आणि दम वाढल्यामुळे मूल नेमकं तेव्हाच जास्त जोरात पळत असतं.

फोनवर पहिला प्रश्न असा विचारा: "दुखतं ती जागा एका बोटाखाली मावते की वीतभर पसरलेली आहे?" नडगीच्या आतल्या कडेने चार-पाच बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, पळायला लागल्यावर थोडं कमी होत असेल आणि नंतर पुन्हा ठणकत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाची सूज. भार कमी केला की ती उतरते. पण एकाच ठिकाणी बोट टेकवता येतं, पळताना दुखणं वाढतच जातं, मग साधं चालतानाही दुखतं आणि शेवटी रात्री अंथरुणातही, असा क्रम असेल तर हाडाला बारीक तडा आहे असंच धरून चाला. एका पायावर उड्या मारून बघायला सांगू नका, असलेला तडा वाढतो.

जांघेत किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला, पायावर भार देताना दुखत असेल तर त्याच दिवशी पळणं बंद. मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याजवळच्या निमुळत्या भागाला, गेलेला तडा सरकला तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे त्यात तडा बहुतेकदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये लवकर दिसतो. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करून पाय सुजलेल्या सैनिकांची नोंद १८५५ सालीच केली होती. पण ती सूज हाडाच्या तड्याची आहे हे एक्स-रे आल्यावर, १८९७ मध्ये कळलं.

मैदान_आणि_बूट
ओळखीच्या माणसाला फोन नकोच. तो फोन खाली उस्तादापर्यंत, म्हणजे कवायत शिकवणाऱ्यापर्यंत, पोचतो, मग ती पोरगी बॅचमध्ये "शिफारसवाली" ठरते आणि पुढच्या वेळी खरं दुखलं तरी बोलत नाही. सिक रिपोर्ट तिने स्वतः द्यायचा. तुम्ही फक्त तिच्या मनातला हिशेब दुरुस्त करा: लवकर सापडलेली नडगी साधारण सहा ते आठ आठवडे पळण्यापासून लांब ठेवते, लपवून मोडलेली काही महिने. मागच्या बॅचमध्ये बसणं म्हणजे घरी परतणं नव्हे, हे वाक्य तिला वडिलांकडून ऐकू दे. नोकरी केलेल्या बापाने म्हटलं तर ती ऐकेल.

गोळी घेऊन पीटीला जाते का, हेही विचारा. दुखणं दबलं की तडा वाढतोय हे कळत नाही. त्यात अंगातलं पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

आता बूट. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी आणि टाच आत उचलली जाता कामा नये. माप संध्याकाळी बघायचं, त्याच मोज्यांवर, कारण दिवसभरात पाय फुगतो. बूट भिजवून पायावर वाळवायची जुनी युक्ती सांगू नका. कातडं कडक होतं, डिंकाचे जोड सुटतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात. घोट्याच्या वळणावर नाडी करकचून बांधली की पुढचा स्नायूबंध दाबला जातो. तिथे सैल, वर घट्ट.

निवृत्त_पायदळ
शिफारसीचं पटलं, फोन करत नाही. भरपूर पाणी पी आणि पोटभर जेव, एवढं दरवेळी सांगतो. ते तरी बरोबर आहे ना?

आईची_बाजू
जेवणाचं बरोबर, पाण्याला मात्र मर्यादा आहे. तासाला दीड लिटरच्या वर पाणी सतत रिचवलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकेदुखी, उलट्या, भ्रम होतो, ते ऊन लागल्यासारखं दिसतं आणि आणखी पाणी पाजलं जातं. तहान आणि लघवीचा रंग बघून प्यायचं. लघवी कोलासारखी गडद झाली तर मात्र वाट पाहायची नाही, तडक डॉक्टर. स्नायू फुटून त्यांतली द्रव्यं मूत्रपिंडात अडकतात तेव्हा असा रंग येतो.

आणखी एक प्रश्न तिच्या आईने विचारावा: पाळी वेळेवर येते का? चुकत असेल तर बहुतेकदा श्रमाच्या मानाने अन्न अपुरं पडतंय, आणि त्याचा फटका हाडांनाही बसतो. "प्रशिक्षणात असं होतंच" म्हणून सोडू नका. अमेरिकी नौदलातल्या पाच हजारांहून अधिक स्त्री रिक्रूटांवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवडे रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये असे तडे सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. पण गोळ्या पार्सलने पाठवू नका, तिथल्या वैद्यकीय खोलीतच विचारायला सांगा.

अस्थी_आणि_स्नायू
एक राहिलं. डावा पायही विचारा. उजवा वाचवत चालली असेल तर भार तिकडे जातो आणि दोन आठवड्यांनी तोच बोलायला लागतो.